आठवड्याचा स्वयंपाक आणि पथ्याचा कागद

आमच्या चिकित्सालयात वर्षानुवर्षे पथ्यापथ्याचा एक छापील कागद दिला जात असे. डाव्या रकान्यात पथ्य, उजव्या रकान्यात अपथ्य, तळाशी दूरध्वनी क्रमांक. दोन वर्षांपूर्वी आषाढात एका रुग्णेने त्या कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि तो माझ्या टेबलावर परत ठेवला. ‘मॅडम, औषध देता ते मी घेते. पण हा कागद आता देऊ नका. घरात याच्या आधीचे तीन पडलेत,’ असे त्या म्हणाल्या. स्वरात राग नव्हता, थकवा होता.

वय अडतीस. डोंबिवलीहून फोर्टमधील बँकेत रोज ये-जा. दोन वर्षांचा अम्लपित्ताचा इतिहास. अविपत्तिकर चूर्ण, कामदुधा, सूतशेखर यांनी प्रत्येक वेळी उपशय मिळे आणि औषध थांबताच महिन्याभरात आंबट ढेकर, उरात जळजळ, शिरःशूल पुन्हा सुरू होत. घरी पती, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. सासूबाईंना गुडघ्यांचा संधिवात आणि जोडीला मधुमेह, त्यासाठी आधुनिक औषधे चालू. पतींचे वजन वाढलेले, प्रकृती कफप्रधान. मुलगा कृश आणि भाजीचा वैरी. म्हणजे एका शेगडीवर चार रुग्ण नसले तरी चार प्रकृती शिजत होत्या, आणि ज्या बाईला मी ‘वेळेवर, ताजे, उष्ण भोजन करा’ असे लिहून देत होते ती सकाळी सातच्या सुमाराच्या लोकलमध्ये उभी असे.

त्या दिवशी प्रथमच मी त्यांना औषधाव्यतिरिक्त प्रश्न विचारले. उठता किती वाजता? पावणेपाचला. पहिला घास? चहा आणि दोन बिस्किटे, तीही उभ्याने. डबा केव्हा? दीडनंतर, कधी दोन. संध्याकाळी? ‘स्टेशनबाहेर वडापाव. भूक लागते हो, खोटे कशाला सांगू?’ रात्रीचे जेवण साडेनऊ-पावणेदहाला, आणि त्यानंतर लगेच निद्रा. हा वृत्तांत मी दोन वर्षांत लिहून घेतलेला नव्हता. कोष्ठ, जिव्हा, नाडी, मल, सर्व नोंदी होत्या. घड्याळाची नव्हती.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या प्रथम अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. महाविद्यालयात स्वस्थवृत्त शिकताना आपण ती पाठ केली आणि परीक्षेत उदाहरणांसह लिहिलीही. व्यवहारात मात्र आपण द्रव्याची प्रकृती, संयोग आणि फार तर राशी यांपाशी थांबतो. माझ्या छापील कागदावर तरी तेवढेच होते. करण म्हणजे संस्कार. धुणे, भिजविणे, मंथन, अग्निसंयोग, पात्र, काल हे सर्व त्यात येते. हा संस्कार कोणाचे तरी हात करतात आणि त्या हातांना वेळ लागतो, इतकी साधी गोष्ट कागदावर कोठेही नव्हती.

मी उत्साहाने पहिला साप्ताहिक तक्ता तयार केला. सात दिवस, तीन वेळा, एकवीस निरनिराळी भोजने. सोमवारी सकाळी विलेपी, मंगळवारी मुगाचे धिरडे, बुधवारी नाचणीचे सत्त्व असा तो शोभिवंत कागद होता. बुधवारी सकाळी तो मोडला. मंगळवारी रात्री सासूबाईंची भाची अचानक जेवायला आली, उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी डब्यात गेली, आणि नाचणी आणायची राहूनच गेली होती. ‘शाळेचे वेळापत्रक बरे, तिथे निदान सुट्टी असते,’ असे पती म्हणाल्याचे मला नंतर कळले. त्यांचे खरेच होते. उरलेले अन्न, पाहुणा, उशिरा धावणारी गाडी आणि एखाद्या दिवसाचा कंटाळा यांना त्या तक्त्यात जागाच नव्हती.

वास्तविक आपल्याकडे आठवडा नियोजनशून्य कधीच नव्हता. सोमवारचा किंवा गुरुवारचा उपवास, संकष्टी, एकादशी, चातुर्मासातील कांदा-लसूण-वांग्याचा त्याग, सामिष घरांतून बुधवार-शुक्रवार-रविवारचे मासे किंवा मटण हे एक प्रकारचे साप्ताहिक वेळापत्रकच होते, आणि ते गृहिणीचा रोजचा एक निर्णय वाचवीत असे. आज काय करायचे, हा प्रश्न निम्मे दिवस पंचांगच सोडवी. (उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन अग्नीला विश्रांती मिळते असे मी म्हणत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) म्हणून दुसऱ्या वेळी मी भोजने ठरविली नाहीत. रात्रीचे कडधान्य वा डाळ आणि धान्य एवढेच वारांना बांधले. भाजी मोकळी ठेवली, बाजारात मिळेल ती.

ऋतू वर्षेचा, अग्नी मंद. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार मुगाचे ठरले, कधी सालीची डाळ, कधी अख्खे मूग. मंगळवारी मसूर, गुरुवारी कुळीथ, शनिवारी तूर. रविवार कुटुंबाच्या इच्छेवर सोडला. तांदूळ जुना. ज्वारीची भाकरी आठवड्यातून तीन रात्री, कारण ती सासूबाई बसल्या जागी थापू शकत. चार माणसांना रात्री वाटीभर डाळ पुरते, म्हणून मुगाची डाळ अर्धा किलो आणि इतर पाव-पाव किलो एवढाच आठवड्याचा जिन्नस. पहिल्या रविवारी यादी पाहून पती म्हणाले, ‘एवढेच?’ त्यापूर्वी त्यांच्या घरी दर शनिवारी मोठ्या दुकानातून दोन पिशव्या भरून येत आणि त्यातील निम्मा भाग नूडल्स, सॉस आणि बिस्किटांचा असे.

आता चार प्रकृतींचा प्रश्न. येथे कृतान्नवर्गाने मला जी मदत केली ती वैद्यबंधू-भगिनींना विशेषेकरून सांगावीशी वाटते. यूषाचे अकृत आणि कृत असे दोन भेद आपण जाणतो. अकृत म्हणजे स्नेह, लवण, कटुद्रव्ये यांवाचून सिद्ध केलेला आणि कृत म्हणजे त्यांनी संस्कारित. आपण हे रुग्णाच्या अवस्थेच्या संदर्भात शिकतो, संसर्जनक्रमात वापरतो आणि विसरतो. परंतु नोकरी करणाऱ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघराला याहून उपयुक्त विभागणी मला दिसलेली नाही. साडेसातला सासूबाई कुकरमध्ये मूग नुसते हळद घालून शिजवितात. हा झाला अकृत भाग, सर्वांसाठी एक. साडेआठला सून घरी येते तेव्हा उरते ती केवळ संस्काराची दहा मिनिटे. तिच्या स्वतःच्या वाटीत तूप, जिरे, धनेपूड, कोथिंबीर, मिरची नाही. सासूबाईंच्या वाटीत हिंग, सुंठ, लसूण आणि थोडे सैंधव. पतींसाठी तेच पातळ करून मिरे व आले, तूप नाममात्र. मुलाला मऊ भातावर घट्ट वरण आणि सढळ तूप. शिजणे एक, ताटे चार. जेवण पावणेनऊला होऊ लागले, आणि माझ्या मते या रुग्णेच्या अम्लपित्ताला कोणत्याही एका द्रव्यापेक्षा ह्या पाऊण-एक तासाने अधिक उतार पडला.

हीच युक्ती तांदळातही चालते. विलेपीला चौपट पाणी, यवागूला सहापट, मंडाला चौदापट, हे आपण प्रमाण म्हणून घोकतो. घरात ताप-अजीर्ण आले की त्याच डब्यातील त्याच तांदळाचे पाणी तेवढे वाढवायचे, वेगळी खरेदी लागत नाही. गुरुवारचा कुळीथ मात्र अडला. तो उष्ण, अम्लविपाकी, पित्तकर. सासूबाईंच्या गुडघ्यांना हवा आणि सुनेला वर्ज्य. तेथे तडजोड झाली नाही. कुळथाचे पिठले दहा मिनिटांत होते, ते तिघांसाठी. सुनेसाठी त्या रात्री मेतकूट, मऊ भात आणि तूप. मेतकूट बाजारातून आणायचे ठरत होते, तेव्हा सासूबाईंनी ‘आमच्याकडे ते विकत आणत नाहीत’ असे सांगून हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू वेगवेगळे भाजून, सुंठ-हिंग-जिरे घालून डबा भरला. त्यापूर्वी दोन वर्षे स्वयंपाकघरात त्यांना फारसे कोणी काही विचारीत नव्हते, हे त्याच दिवशी बोलण्यातून निघाले. मी यावर काही लिहून दिले नाही.

रविवारच्या पूर्वतयारीविषयी मतभेद होतील, म्हणून माझी भूमिका स्पष्ट करते. पर्युषित अन्न वर्ज्य, हे सूत्र आपण फ्रिजच्या दारावर चिकटवून मोकळे होतो आणि लोक ते दार उघडून कालची भाजी काढतात. त्याऐवजी मी सीमारेषा अशी आखली की कच्च्याची तयारी करावी, शिजवलेल्याचा साठा करू नये. गवारीच्या शिरा काढणे, मटार सोलणे, पालेभाजी निवडून न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळणे, लसूण सोलणे, रवा भाजणे, तीळ-कारळ्याची कोरडी चटणी कुटणे हे सारे रविवारी. कणीक रात्री मळून झाकून फ्रिजमध्ये एक रात्र ठेवण्यास मी अनुमती देते. ज्येष्ठांना हे रुचणार नाही. परंतु पावणेपाचऐवजी सव्वापाचला उठणे हेही त्या रुग्णेच्या पित्ताचे औषध आहे, असे माझे मत आहे. रात्रीचा भात मात्र नाही. भातातील काही जीवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात उबदार हवेत राहिला की ते वाढतात, आणि त्यांचे एक विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली की तो निर्दोष झाला, ही समजूत सोडावी. डब्याचेही तसेच. सहाला भरलेला डबा दीडला उघडतो, आणि मुंबईची हवा दमट. ओल्या नारळाची चटणी, दही, रसभाजी डब्यात नको. कोरडी भाजी व पोळी असावी.

मोड आलेल्या कडधान्यांबाबत एक गोष्ट. आठवड्याच्या प्रत्येक आधुनिक तक्त्यात ती कच्ची, लिंबू पिळून येतात. विरूढक गुरू व विष्टंभी सांगितले आहेत. वर्षा ऋतूत, मंदाग्नीत, संधिवाताच्या सत्तरीच्या बाईला कच्ची मटकी देणे मला मान्य नाही. हिंग-आले घालून शिजवलेली उसळ दुपारी थोडी द्यावी. मुलाच्या शाळेपूर्वीच्या दूध-स्ट्रॉबेरीच्या पेल्यावरही मी काट मारली. दूध आणि आंबट फळ यांचा विरोध आपण सांगायचा नाही तर कोणी सांगायचा?

वडापावाची वेळ हे खरे अवघड ठिकाण. सकाळी चहापूर्वी रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका आणि अकराच्या सुमारास बँकेत साळीच्या लाह्या तूप-जिऱ्यावर परतलेल्या, हे जमले. लाह्या लघू, पित्तघ्न आणि पर्समध्ये मावणाऱ्या. संध्याकाळसाठी दुसरी एक पुडी दिली. चार दिवस ती खाल्ली जाते, शुक्रवारी वडापाव खाल्ला जातो. मी शुक्रवार सोडून दिला आहे.

भाज्यांत दुधी, पडवळ, दोडका, तोंडली. श्रावणात मुरबाड-शहापूरकडून येणाऱ्या बायका टाकळा, कुर्डू, करटोली घेऊन स्टेशनबाहेर बसतात. करटोली पतींनी स्वतः आणली, स्वतः चिरली. बाजारहाट आणि निवडणे त्यांच्याकडे देण्याचे मी सांगितले होते तेव्हा ते हसले होते.

सासूबाईंच्या भाताचे प्रमाण कमी करून भाकरी वाढविण्यापूर्वी मी त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. गोळ्या त्याच आणि आहार घटला तर साखर एकाएकी उतरण्याचे भय असते. असे बदल आपण परस्पर करू नयेत. जेवणाची वेळ चुकवायची नाही, ही त्यांना दिलेली पहिली सूचना होती.

२०२२ साली ‘आयुर्वेद आहार’ या नावाने शासनाची नियमावली आली, पाकिटांवर खूण आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ मध्ये भारतीयांसाठी सतरा आहारसूत्रे नव्याने प्रसिद्ध केली. दोन्हींचे स्वागतच आहे. आपल्या पदवीचा उपयोग मात्र पाकिटापेक्षा कुकरजवळ अधिक आहे, असे या एका घराने मला शिकविले. एका कुटुंबाच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडण्याचा हेतू नाही. रुग्णेचा सूतशेखर भाद्रपदात थांबविला, अविपत्तिकर रात्री अधूनमधून चालू राहिले. महिन्यातून एखादा दिवस जळजळ होई, बहुधा शनिवारी.

आमच्या रुग्णपत्रिकेवर आता तीन नवीन ओळी आहेत. घरी स्वयंपाक कोण करते, किती वाजता करते, आणि शेवटचे जेवण किती वाजता होते. छापील कागद बंद केला. शिल्लक राहिलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर कुटुंबासमोर बसून वार लिहून देते. त्याला वीस मिनिटे लागतात आणि बाहेरचे रुग्ण कुरकुरतात.

त्या वर्षी पितृपंधरवड्यात ती रुग्णा शरद ऋतूचा तक्ता मागण्यास आली. कुळीथ आणि लसूण मागे घ्यायचे, तूप वाढवायचे, पडवळ-कारले पुढे आणायचे, हे सोपे होते. पण तिचे नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास असतात, फोर्टला जाणे-येणे तसेच, आणि घरात इतर तिघे जेवणारे. वरईचा भात, राजगिऱ्याची भाकरी, दुधी, ताक असे लिहिता लिहिता मी ताकापाशी थांबले, कारण शरदात तिला ताक देण्याचे माझे मन होईना. त्या जागी काय लिहावे यावर आम्ही दोघी बराच वेळ बोलत होतो, आणि शेवटी सासूबाईंना फोन लावला.