जावामधील वारसा : तयार क्लासचा विस्तार

आदिलाबाद जिल्ह्यात तेलुगू, उर्दू, मराठी व गोंडी या भाषा शेजारी नांदतात. येथे धडे दाखवणारा प्रोग्राम लिहिताना पहिला प्रश्न लिपीचाच येतो. समजा, 'धडा' हा क्लास तयार आहे. त्यात शीर्षक, मजकूर आणि डावीकडून उजवीकडे मांडणी करणारी 'दाखवा' ही मेथड आहे. मराठी-तेलुगूचे काम त्यावर भागते. उर्दू मात्र उजवीकडून डावीकडे लिहितात. अशा वेळी विद्यार्थी संपूर्ण क्लासची नक्कल करून त्यात बदल करतात. पुढे एखादी चूक सापडली की ती दोन ठिकाणी दुरुस्त करावी लागते, आणि एखादे ठिकाण राहून जाते.

यावरील उपाय म्हणजे इनहेरिटन्स. 'क्लास उर्दूधडा एक्स्टेंड्स धडा' असे लिहून फक्त 'दाखवा' नव्याने लिहावी. बाकीचे मूळ क्लासकडून मिळते. मेथड अशी नव्याने लिहिण्यास ओव्हररायडिंग म्हणतात. मूळ मेथड हवी असल्यास 'सुपर' वापरावे. कन्स्ट्रक्टर मात्र वारशात येत नाही, 'प्रायव्हेट' घटक थेट हाताळता येत नाहीत आणि एका क्लासला एकाच क्लासचा विस्तार करता येतो.

'वारसा' या शब्दाने विद्यार्थ्यांची गल्लत होते. मालमत्ता मालकाच्या मृत्यूनंतर वारसांत वाटली जाते. येथे मूळ क्लासचे काहीच कमी होत नाही. म्हणून वर्गात एक कसोटी द्यावी. 'उर्दूधडा हा धडाच आहे' हे खरे, तेव्हा विस्तार योग्य. 'ग्रंथालय हा धडा आहे' हे खरे नाही; ग्रंथालयात धडे असतात. तेथे विस्तार टाळावा.