समुद्र नावाचा मास्तर

कवी, कादंबरीकार आणि सर्जनशील लेखनाचा प्राध्यापक. ओशन व्हुआँगची ही ओळख एका ओळीत आटोपते. खरी गंमत त्याबाहेरच आहे.

बारसं नेल सलूनमध्ये
आई अमेरिकेत लोकांची नखं रंगवायची. एकदा गिऱ्हाइकाला 'बीच'वर जायचंय म्हणाली आणि उच्चार घसरला थेट शिवीवर! 'ओशन म्हणा की,' गिऱ्हाइकानं सुचवलं. एकच महासागर व्हिएतनामलाही लागतो आणि अमेरिकेलाही, हे कळल्यावर तिनं लेकाचं नावच बदलून टाकलं.

मुळाक्षरं उशिरा
जन्म व्हिएतनाममधला, १९८८चा. दोन वर्षांचा असताना फिलिपिन्सच्या निर्वासित छावणीतून हे कुटुंब कनेटिकटमधल्या हार्टफर्डला पोचलं. धड वाचता येऊ लागलं, तेव्हा पोरगा अकरा वर्षांचा होता.

मार्केटिंगला रामराम
न्यूयॉर्कमध्ये मार्केटिंग शिकायला गेला आणि काही आठवड्यांतच पळाला. मग ब्रुकलिन कॉलेजात साहित्य. तिथे शिकवायला बेन लर्नर, म्हणजे तोही कवी, कादंबरीकार आणि मास्तर. वाण नाही पण गुण लागला! पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात व्हुआँगनं कवितालेखनाची पदव्युत्तर पदवी घेतली. आज तिथेच तो प्राध्यापक आहे.

पहिल्याच चेंडूवर षटकार
'नाइट स्काय विथ एग्झिट वून्ड्स' (२०१६) हा पहिला मोठा कवितासंग्रह. त्याला २०१७चं टी. एस. एलियट पारितोषिक. २०१९मध्ये मॅकआर्थर फेलोशिप, रक्कम ६,२५,००० डॉलर.

घामाची शाई
शाळकरी वयात तो तंबाखूच्या शेतात राबला, पुढे फास्टफूडच्या दुकानातही. शेत पहिल्या कादंबरीत उतरलं, दुकान दुसरीत, 'द एम्परर ऑफ ग्लॅडनेस'मध्ये (२०२५).

पत्र, पण वाचणार कोण?
पहिली कादंबरी 'ऑन अर्थ वुई आर ब्रीफली गॉर्जस' (२०१९) म्हणजे मुलानं आईला लिहिलेलं पत्र. आईला वाचता येत नाही. व्हुआँगच्या आईलाही येत नव्हतं. पुस्तक आलं त्याच वर्षी ती गेली.

पुस्तक तयार, वाचक यायचाय
ऑस्लोजवळच्या जंगलात २०१४मध्ये स्प्रूसची हजार रोपं लावली. ही रोपं 'फ्यूचर लायब्ररी' या उपक्रमाची. त्यासाठी दरवर्षी एक लेखक हस्तलिखित देतो. ते कुणी वाचायचं नाही. २११४मध्ये त्याच झाडांच्या कागदावर सगळी छापायची. २०२०चा मान व्हुआँगचा.

एक पुस्तक वाचता न येणाऱ्या आईला लिहिलं, दुसऱ्याचे बहुतेक वाचक अजून जन्मायचेत. पत्ता मात्र दोन्हींवर पक्का आहे.