आतल्या खोलीत वायफाय येत नाही? एक्सटेंडर घ्यावा की मेश?

हॉलमध्ये वायफाय जोरात, पण बेडरूममध्ये व्हिडिओ अडकतो. अडथळा बहुतेकदा भिंतींचा असतो. ५ गिगाहर्ट्झ बँड वेगवान, पण काँक्रीटमधून कमी जातो, २.४ गिगाहर्ट्झ लांब पोहोचतो. म्हणून आधी राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवून पाहा.

एकाच खोलीची अडचण असेल तर एक्सटेंडर पुरतो. मात्र तो त्याच खोलीत लावू नका. मिळालेला सिग्नलच तो पुढे पाठवतो, त्यामुळे राउटर आणि त्या खोलीच्या मध्ये लावा. एकाच बँडवर चालणाऱ्या एक्सटेंडरमुळे वेग साधारण निम्मा होतो.

घर मोठं किंवा दुमजली असेल तर मेश बरं. दोन-तीन युनिट मिळून एकच नेटवर्क बनतं आणि फिरताना फोन सहसा जवळच्या युनिटला जोडला जातो. युनिट केबलने जोडले तर वेगही टिकतो.