फुकट ॲप आणि खुलं ॲप

शेजारच्या काकूंनी परवा फोन माझ्या हातात दिला. "बघ रे, नातवाचा फोटो उघडायला गेलं की आधी जाहिरातच येते." फोटो पाहायचं कुठलंसं फुकट ॲप त्यांनी घेतलं होतं. ते काढलं आणि 'फॉसिफाय गॅलरी' टाकून दिलं. जाहिरात बंद झाली.

"हेही फुकटच ना?" काकूंनी विचारलं. फुकट आहेच, पण मुख्य म्हणजे खुलं आहे. फरक सोसायटीच्या हिशेबासारखा. जमाखर्चाची वही कुणालाही पाहता येत असली, तरी प्रत्येक सभासद ती वाचत नाही. पण कुणीतरी वाचणारा आहे, एवढ्यानंच कारभार सरळ राहतो. ॲपची वही म्हणजे त्याचा सोर्स कोड. मुंबईत लोकलचं वेळापत्रक पाहायला 'एम-इंडिकेटर' आपण सगळेच वापरतो, ते मोफत आहे आणि उपयोगीही. पण त्याची वही खुली नाही.

खुल्या वहीचा दुसरा फायदा फॉसिफायच्याच जन्मात दिसतो. 'सिंपल मोबाइल टूल्स' हा साध्या, बिनजाहिरातीच्या ॲपचा संच २०२३च्या अखेरीस एका कंपनीला विकला गेला. वापरणारे हवालदिल झाले. पण कोड आधीपासून खुला होता; तो घेऊन त्यावर काम करणाऱ्यांनीच नव्या नावानं संसार मांडला. बंद ॲप विकलं गेलं असतं, तर आपल्या हातात काहीच उरलं नसतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कीबोर्ड. आपण जे जे टाइप करतो, ते सगळं आधी त्याच्या नजरेखालून जातं. केरळच्या 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' या गटातून पुढे आलेला 'इंडिक कीबोर्ड' खुला आहे आणि त्यात मराठीही आहे. 'हेलीबोर्ड' तर इंटरनेटची परवानगीच मागत नाही. कुठलाही कीबोर्ड घेतलात तरी आधी 'ॲप' आणि 'दुसऱ्या' हे दोन शब्द लिहून पाहा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. 'दुसऱ्या'साठी 'इनस्क्रिप्ट' या कळांच्या मांडणीत साधा 'र' चालत नाही. नुक्त्याचा 'ऱ', मग हलन्त, मग 'य' असा क्रम लागतो. हे दोन्ही नीट उमटले, तर तो कीबोर्ड मराठीला चालतो.

बाकीची नावं भराभर सांगतो. कीर्तनाच्या, लग्नाच्या जुन्या फायली दुसरीकडे उघडत नसतील, तर व्हीएलसी. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये सुरू केलेलं हे काम २००१पासून खुलं आहे. पॉडकास्टसाठी अँटेनापॉड. संगणकावर लिबरऑफिस शिकायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे मराठीतले छोटे धडे मोफत आहेत.

यातली बरीच ॲप प्ले स्टोअरवर मिळतात. फक्त खुल्या ॲपचं वेगळं दुकान म्हणजे २०१०पासूनचं 'एफ-ड्रॉइड'. एखादं ॲप जाहिरात दाखवत असेल किंवा पाळत ठेवत असेल, तर तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. मात्र एफ-ड्रॉइड त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा आणि त्यासाठी ब्राउझरला दिलेली ॲप टाकायची परवानगी लगेच काढून घ्या. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा ई-चलन म्हणून आलेली एपीके फाइल कधीही उघडू नका. तिचा खुल्या सॉफ्टवेअरशी काही संबंध नाही, ती चोरी आहे. बँकेचं ॲपही बँकेचंच वापरा.

शेवटी नकाशा. 'ऑरगॅनिक मॅप्स'मध्ये महाराष्ट्र एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय रस्ता दिसतो. हा नकाशा 'ओपनस्ट्रीटमॅप'चा, म्हणजे २००४पासून लोकांनी मिळून काढलेला. त्यात चूक असेल, तर दुरुस्त करणारेही आपणच. आज दुपारी तो उघडा आणि आपल्या गल्लीतली पिठाची गिरणी, दवाखाना, औषधाचं दुकान त्यावर आहे का ते बघा. नसेल, तर ओपनस्ट्रीटमॅपवर मोफत खातं काढा, जागेवर बोट ठेवा, मराठीत नाव लिहा आणि पाठवून द्या.