कांट : ज्ञानाची मर्यादा आणि कर्तव्य

रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान आहे. येथे १८५६ साली जन्मलेल्या या पुरुषाने पुढे मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथात कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याची मते वारंवार चर्चिली आहेत. आम्ही ती वाचतो, ‘पाश्चात्त्यही अखेर आमच्याच मार्गावर आले’ असे समाधान मानतो आणि पान उलटतो. कांट मात्र समजावयाचा राहून जातो.

इमॅन्युएल कांट १७२४ साली कोनिग्सबर्ग या बंदराच्या शहरी जन्मला आणि १८०४ साली तेथेच वारला. ‘शुद्ध बुद्धीची मीमांसा’ हा त्याचा मुख्य ग्रंथ १७८१ सालचा. खरे ज्ञान बुद्धीतून निघते असे एक पक्ष म्हणे, इंद्रियांतून येते असे दुसरा. कांटने निराळाच प्रश्न केला : मुळात अनुभव शक्य होण्यास काय लागते?

घर आणि नाव हा त्याचाच दृष्टांत आपण आपल्या गावी आणू. रत्नदुर्गाचा तट डावीकडून पाहा की उजवीकडून, तट तोच. पण बंदरात शिरणारी होडी आधी दूर आणि मग जवळ दिसते. हा क्रम उलटवणे पाहणाऱ्याच्या हाती नाही. घटना नियमाने बांधलेल्या आहेत असे धरल्यावाचून ‘काही घडले’ असे म्हणताच येत नाही. हा कार्यकारणाचा नियम डोळ्यांना दिसत नाही. बुद्धी तो आपल्या पदरचा घालते. म्हणून जग आपणांस जसे भासते तसेच कळते. त्यामागचे वस्तुतत्त्व कळत नाही. ईश्वर आणि आत्म्याचे स्वातंत्र्य तर्काने सिद्ध होत नाहीत, आणि खोडूनही काढता येत नाहीत.

मग नीतीला आधार कोणता? कांट म्हणतो, कर्तव्यबुद्धी. आंब्याच्या पेटीत वर मोठी फळे आणि खाली बारकी भरणारा बागायतदार घ्या. सर्वांनी तसेच केले तर पेटीवर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि त्याची लबाडीही चालणार नाही. जो नियम सर्वांचा व्हावा असे म्हणता येत नाही, तो आपणही पाळू नये. गिऱ्हाइकालाही केवळ साधन मानू नये. आणि गिऱ्हाईक तुटेल या भीतीने कोणी चोख माल भरला, तर कृत्य योग्य. पण त्यात नैतिक मोल नाही. मोल कर्त्याच्या शुद्ध संकल्पाचे.

येथे टिळकांना गीतेतील बुद्धीच्या शुद्धतेशी साम्य दिसले. पण ते तेथेच थांबले नाहीत. वस्तुतत्त्व अज्ञेय आहे, हे त्यांनी मानले नाही. आत्मानुभवाने ते कळते, हा वेदान्ताचा पक्ष त्यांनी घेतला. कांट त्यांना केवळ साक्षीदार म्हणून नको होता. ते त्याच्याशी वाद करीत होते.

१७८४ सालच्या एका निबंधात कांटने ज्ञानप्रकाशाचा अर्थ सांगितला : दुसऱ्याच्या बोटाला धरून चालणे सोडून स्वतःच्या बुद्धीने विचार करण्याचे धैर्य. टिळकांनी ते कांटपुढेही दाखविले. त्यांच्या गावी राहणाऱ्या आम्हांला हे धैर्य टिळकांपुढेही दाखविता आले पाहिजे. ते गीतारहस्य मिटवून नव्हे, वाचूनच येईल.