फ्रीमाँटच्या मुलाचा सातबारा

फ्रीमाँटमध्ये वाढलेल्या मुलाच्या स्टुडंट व्हिसाच्या फायलीला सिन्नरचा सातबारा जोडतात, हे ऐकलं आणि मावरी ॲव्हेन्यूजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसात जाऊन बसलो. फायली लावायचं काम तिथे नाशिककडच्या एक ताई करतात. झेरॉक्समधून नुकत्याच निघालेल्या गरम कागदांचा वास खोलीभर होता.

मुलगा तीन वर्षांचा असताना इथे आला, वडिलांच्या एच-१बीवर मिळणाऱ्या बायकामुलांच्या एच-४ व्हिसावर. आता त्याला २१ पूर्ण होतील आणि त्याच दिवशी एच-४ संपेल. त्याआधी ग्रीनकार्ड हाती आलं असतं तर प्रश्नच नव्हता. “सात टक्के,” वडील म्हणाले. नोकरीवरची ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात बायकामुलंही मोजलेली, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा. २०२५ संपत आलं तरी भारतीयांची ईबी-२ या ग्रीनकार्ड गटाची रांग २०१३तल्या अर्जांपाशीच अडकलेली होती.

आता स्टुडंट व्हिसाच उरला, त्याचे मार्ग दोन. मुंबईला जाऊन बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत द्यायची, नाहीतर इथेच आय-५३९ अर्ज भरून एच-४चा एफ-१, म्हणजे स्टुडंट व्हिसा, करून घ्यायचा. मुंबईत नकार आला तर पोरगं तिकडेच अडकणार, म्हणून या घराने दुसरा मार्ग धरला. ओलोनी कॉलेजचा प्रवेशाचा आय-२०, सेव्हिस नोंदणीचे ३५० डॉलर, बँकेचे कागद, हे सगळं भराभर उरकलं.

ताई थांबल्या त्या सातबाऱ्यापाशी. मायदेशी आपलं घर आहे आणि ते सोडायचा इरादा नाही, हे एफ-१ मागणाऱ्याने दाखवायचं असतं. गट नंबर, आजोबांचं नाव, कोपऱ्यातला विहिरीचा उल्लेख, एकेका ओळीवर पट्टी ठेवून ताई त्याचं इंग्रजी करत होत्या. मुलगा वाकून बघत होता.

“इथे आता कोण राहतं?”

“कोणी नाही. वाटेकरी करतो जमीन,” आई म्हणाली.

“शिकून परत जाणार असं पत्र लागेल तुझं,” ताई म्हणाल्या. “तुझं तूच लिही. आणि खोटं लिहू नकोस रे.”

तो बराच वेळ पेन हातात धरून बसला. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि ते स्पष्टच लिहितो. एकाच घराच्या दोन फायली सरकारदरबारी पडून राहणार: बापाची सांगते, आम्हाला इथेच राहायचंय, लेकाची सांगते, मी परत जाईन. बालवाडीपासून इथे शिकलेल्या पोराकडून हे लिहून घेऊन कोणाचं काय राखलं जातं? अशा मुलांसाठीचं अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट हे विधेयक २०२१मध्ये मांडलं, २०२३मध्ये पुन्हा मांडलं. कायदा झाला नाही.

एफ-१ मिळाला तर कॉलेजातच आठवड्याला २० तास काम करता येईल. पदवीनंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी, विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर आणखी २४. मग एच-१बीची लॉटरी, आणि त्यानंतर पुन्हा ग्रीनकार्डची रांग. वडिलांनी पुन्हा तोच आकडा काढला, सात टक्के.

“पण बाबांची रांगेतली जुनी तारीख मला मिळेल ना?” मुलाने विचारलं.

“नाही रे. तुझी कंपनी तुझा अर्ज करेल, ती तुझी तारीख.”