दुरुस्त झालेले डिझेल इंजिन सुरू का होत नाही?

डिझेल इंजिनाला ठिणगी देणारा प्लग नसतो. पिस्टन सिलिंडरमधली हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबतो. त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला चालवून दाखवलेल्या इंजिनापासून हे तत्त्व बदललेले नाही. विहिरीवरच्या पंपाचे एका सिलिंडरचे इंजिन असो की ट्रॅक्टरचे तीन-चार सिलिंडरचे, त्याला पुरेसे डिझेल, पुरेसे कॉम्प्रेशन आणि फवाऱ्याची अचूक वेळ एवढेच लागते. खोलून जोडल्यावर ते सुरू झाले नाही, तर बहुतेकदा दोष जिथे पाने-पक्कड लागली तिथेच असतो. फक्त फिल्टर बदलला असताना हेड उतरवायला निघणे म्हणजे खर्चाला आमंत्रण.

पहिली खूण सायलेन्सर देतो. हॅण्डल किंवा सेल्फ मारताना धूर अजिबात येत नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. सेल्फ मंद फिरत असेल तर आधी बॅटरी आणि सैल राहिलेली अर्थिंगची वायर पाहावी, कारण इंजिन हळू फिरले की हवा पुरेशी तापत नाही.

धूर नसला तर टाकीचा कॉक आणि इंजिन बंद करण्याचा लिव्हर पाहून थेट एअर काढायला घ्यावी. फिल्टर, पाइप किंवा पंप खोलला की आत हवा शिरतेच. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. जुन्या पद्धतीच्या नोझलचे तोंड उघडायला वातावरणाच्या साधारण दोनशे पट दाब लागतो. पाइपमध्ये बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो दाबण्यातच जातो. म्हणून आधी फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून, हातपंप असेल तर तो मारून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. मग हेच पंपाच्या स्क्रूवर करावे आणि शेवटी नोझलकडचा पाइपचा नट सैल करून इंजिन फिरवावे. नट आवळल्यावर हॅण्डल मारताना नोझलची बारीक करकर ऐकू आली, की फवारा पडू लागला असे समजावे. एअर पुन्हापुन्हा धरत असेल तर जुनेच वापरलेले तांब्याचे वॉशर तपासावेत. डिझेल ओढून घेणाऱ्या बाजूची गळती बाहेर दिसत नाही, कारण तिथे डिझेल गळण्याऐवजी हवा आत शिरते. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत जातो. तसे झाल्यास जखम छोटी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे.

पांढरा धूर आला तर वेळ तपासावी. लहान इंजिनात पंपाखाली पातळ शिम असतात. पंप परत बसवताना त्यातली एखादी कमी-जास्त झाली की फवाऱ्याची वेळ पुढे-मागे सरकते. ट्रॅक्टरच्या इंजिनात फसगत वेगळी असते. चार स्ट्रोकच्या चक्रात क्रँक दोनदा फिरतो, पंप एकदाच. त्यामुळे फ्लायव्हीलवरची खूण एका चक्रात दोनदा जुळते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, एकदा धूर बाहेर पडून झाल्यावर. दुसऱ्या वेळी पंप बसवला तर सगळ्या खुणा बरोबर दिसूनही इंजिन सुरू होत नाही. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही टॅपेट सैल आहेत ना, हे पाहिले की उलगडा होतो.

हेडचे काम झाले असेल तर टॅपेट जास्त आवळले गेल्याची शक्यता मोठी. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. नोझलखालचे जुने वॉशर आत चिकटून राहिल्यानेही असे होते. हॅण्डलच्या इंजिनात डिकॉम्प्रेशन लिव्हर सोडल्यावर हाताला झटका जाणवायला हवा. नव्या रिंगा कोरड्या असतील तर इनटेकमधून चमचाभर इंजिन ऑइल पुरते. जास्त ओतल्यास पिस्टन अडून कनेक्टिंग रॉड वाकतो.

कॉमन रेल इंजिनाच्या गाड्यांना यातले नट सैल करण्याचे उपाय लावू नयेत. तिथला दाब कित्येक पट जास्त असतो आणि दोष सेन्सरमध्येही असू शकतो. ते काम स्कॅनरचे.

पंप काढून बसवल्यानंतर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना मात्र एक तयारी ठेवावीच. पंपाचा रॅक गव्हर्नरच्या लिव्हरमध्ये नीट अडकला नाही, तर इंजिन एक तर सुरूच होत नाही, नाहीतर सुरू होऊन बेफाम वेग घेते. अशा वेळी हवेचे तोंड झाकण्यासाठी जाड सपाट फळी हाताशी असावी. तळहाताने ते झाकायला जाऊ नये.